चोराचं कलम, करबुडव्याचं कलम

खिशात मटणाचा तुकडा ठेवून एक माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्यासमोरून जातो. वासावर कुत्रं त्याच्या मागे निघतं. माणसाने दोरी लावलेली नाही, कुत्र्याला हात लावलेला नाही, हाकसुद्धा मारलेली नाही. तरीही, ते लांबवण्याचा त्याचा इरादा असेल आणि मालकाची संमती नसेल, तर कुत्र्याने त्याच्यामागे चालायला सुरुवात केली तिथेच चोरी पूर्ण होते. हा किस्सा कोणा विनोदी लेखकाचा नाही. भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली दिलेला तो दाखला आहे. 1860 चा तो कायदा 1862 पासून लागू झाला आणि 1 जुलै 2024 ला त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलम 378 चं 303 झालं, पण कुत्रं आणि खिशातलं आमिष नव्या संहितेतही जसंच्या तसं आहे.

दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या विधी आयोगाने 1837 मध्ये तयार केला. व्याख्येखाली छोट्या छोट्या गोष्टींसारखे दाखले जोडायची पद्धत ही त्या कायद्याची मोठी गंमत. खजिन्याची पेटी वाहणारा बैल, टेबलावर पडलेली अंगठी, मित्राच्या कपाटातून न विचारता वाचायला नेलेलं पुस्तक असं बरंच काही त्यात भेटतं. (पुस्तकवाला सुटतो. मित्राची अशी मुभा असणारच, असं त्याने समजणं रास्त ठरतं. पुस्तक परत न करणाऱ्यांनी यातून फार दिलासा घेऊ नये.)

या दाखल्यांमधून चोरीची व्याख्या उलगडते. वस्तू जंगम हवी, ती कोणाच्या तरी ताब्यात हवी, त्या माणसाची संमती नसावी, वस्तू जागची हलायला हवी आणि हलवणाऱ्याच्या मनात लबाडी हवी. लबाडी म्हणजे स्वतःला किंवा दुसऱ्याला गैर लाभ करून देण्याचा, नाहीतर कोणाचं गैर नुकसान करण्याचा हेतू. यातलं एक जरी नसेल तरी गुन्हा दुसरा काही ठरेल, चोरी ठरणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ताब्याबद्दल. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घेणं, असं आपण धरून चालतो. कायदा मात्र आधी वस्तू कोणाच्या ताब्यात होती ते विचारतो. म्हणून माणूस स्वतःचीच वस्तू चोरू शकतो. घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्ती झाली, पैसे थकले म्हणून दुकानदाराने घड्याळ अडवून ठेवलं. आता पैसे बुडवण्यासाठी मालकाने ते गुपचूप उचलून आणलं तर ती चोरी. सावकाराकडे गहाण टाकलेलं घड्याळ कर्ज न फेडता पळवलं, तरी चोरीच. उलट, दुकानदाराचं काहीही देणं नसताना घड्याळ उघडपणे त्याच्या हातातून हिसकावून आणलं, तर दांडगाईचा गुन्हा होईल, पण चोरी होणार नाही, कारण मनात लबाडी नाही.

ताब्याच्याच मुद्द्यावर चोरी आणि अपहार हे दोन सख्खे भाऊ वेगळे होतात. एसटी स्टँडवर कोणाच्या खिशातून फोन काढला तर चोरी. तोच फोन बाकाखाली बेवारस पडलेला सापडला, मालक शोधता येण्यासारखा असूनही सिमकार्ड फेकून तो वापरायला घेतला, तर चोरी नाही, कारण उचलताना तो कोणाच्याच ताब्यात नव्हता. हा गुन्हा अपहाराचा, कलम 314. आणि इथे नव्या संहितेने एक विचित्र काम करून ठेवलं आहे. साध्या चोरीला, पहिल्या खेपेला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा काहीच नाही. अपहाराला कमाल दोन वर्षं, पण किमान सहा महिने कैद आणि वर दंड. म्हणजे फोन खिशातून काढणारा नुसत्या दंडावर सुटू शकतो, आणि सापडलेला फोन ठेवून घेणारा सहा महिने आत जातो. मसुदा लिहिणाऱ्यांनी ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली असतील, असं वाटत नाही.

वस्तू विश्वासाने हवाली केली असेल तर प्रकरण तिसरीकडे जातं. गावाला जाताना भांडी गोदामवाल्याकडे ठेवली आणि त्याने ती विकून खाल्ली, तर हा विश्वासघाताचा गुन्हा. पण तीच भांडी घरातल्या नोकराने पळवली तर चोरी, कारण नोकराच्या हातातली वस्तू कायद्याच्या लेखी मालकाच्याच ताब्यात असते.

आता वस्तू ‘कायमची’ न्यावी लागते, या कल्पनेकडे येऊ. वस्तू परत केली म्हणजे चोरी पुसली जाते, हा समज सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये निकालात काढला, आणि प्रकरण होतं थेट विमानाचं. मे 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीला ठरलेल्या विमानातून सरावाला जायचं होतं. त्याने वेळेआधीच, परवानगी न घेता, भलतंच एक हार्वर्ड विमान उडवलं. सोबत नुकताच अकादमीतून काढून टाकलेला एक सहकारी. विमान उतरलं पाकिस्तानात. नंतर दोघे कराचीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात पोहोचले आणि परतही आले. वाट चुकलो, कायमचं न्यायचं नव्हतंच, असा बचाव झाला. न्यायालय म्हणालं, तात्पुरता ताबा घेतला तरी चालतं. सरकारला तेवढा वेळ विमानापासून वंचित केलं आणि तेही लबाडीने, एवढं पुरे आहे. पुढे 1963 मध्ये राजस्थानातल्याच एका कार्यालयातल्या अधिकाऱ्याचं प्रकरण आलं. त्याने फाईल घरी नेली, मित्राला दाखवली, तिच्यातले कागद बदलले गेले आणि दुसऱ्या दिवशी फाईल जागेवर आली. फाईल परत आली तरी तीही चोरीच ठरली.

जमिनीला जखडलेली वस्तू चोरता येत नाही, हाही नियम आहे. झाड उभं आहे तोवर ते स्थावर. कुऱ्हाड चालवून तोडलं की जंगम, आणि न्यायच्या इराद्याने तोडलं असेल तर तोडतानाच चोरी. हा नियम पुस्तकी वाटतो, पण आपल्याकडच्या नदीकाठावर तो रोज लागू होतो. जमिनीतली माती, दगड खणून वेगळे केले की ते चोरीला पात्र होतात, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 1891 मध्येच दिला होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नदीपात्रातल्या वाळूबद्दल हेच स्पष्ट केलं. खाणकामाच्या कायद्याखाली कारवाई होत असली तरी बेकायदा वाळू उपसणाऱ्यावर चोरीचा गुन्हाही वेगळा नोंदवता येतो. रात्री पात्रात उतरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक असतं. त्यांच्या मागे असलेल्यांना तर जास्तच.

वीज मात्र या व्याख्येत बसेना. तिला हात लावता येत नाही, ती उचलून नेता येत नाही. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज ही जंगम मालमत्ता नव्हे. तिची चोरी हा विजेच्या कायद्याने निर्माण केलेला गुन्हा आहे. म्हणूनच तारेवर आकडा टाकणारा, मीटरमध्ये फेरफार करणारा आज 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 135 खाली सापडतो. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड झाला तर पहिल्या वेळी तो त्याने मिळवलेल्या फायद्याच्या किमान तिप्पट. ही गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या व्याख्येत न मावणाऱ्या लबाडीसाठी संसदेने वेगळा कायदा केला, आणि तसं करताना शिक्षेचं गणितही बदललं.

शिक्षांची बाकी उतरंड थोडक्यात सांगता येईल. घरातली, वाहनातली, देवळातल्या मूर्तीची, सरकारी मालमत्तेची चोरी, किंवा नोकराने केलेली चोरी असेल तर सात वर्षांपर्यंत. मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्यासाठी नव्या संहितेने कलम 304 स्वतंत्र केलं. कैद मात्र तीच, तीन वर्षांपर्यंत, फक्त दंड सक्तीचा. चोरी करताना इजा केली किंवा जिवाचा धाक दाखवला की जबरी चोरी, दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर महामार्गावर केली तर चौदा. पाच जण मिळून केली की दरोडा, जन्मठेपेपर्यंत. खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला तरी सुटका नाही, प्रयत्नाचीही शिक्षा आहे. आणि पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल, वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. नव्या संहितेतला हा बदल खरोखर स्वागतार्ह आहे.

आता बाजारात जाऊ. फर्निचरच्या दुकानात सोफा पसंत पडला की मालक आवाज खाली आणून विचारतो, “पक्कं बिल करायचं का? बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील.” गिऱ्हाईक खूश होतं, व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर होतो, रक्कम गल्ल्यात न जाता वेगळ्या पाकिटात जाते. फ्लॅटच्या व्यवहारात रेडी रेकनरच्या भावाइतका करारनामा आणि वरचे रोख, ही याचीच मोठी आवृत्ती. सरकारचे पैसे बुडाले. मग ही चोरी का नाही?

चोरीच्या व्याख्येतल्या पाच गोष्टी लावून बघा. दुकानदाराच्या पाकिटातले पैसे सरकारच्या ताब्यात कधी होते? कधीच नाही. त्याने सरकारच्या तिजोरीतून काही हलवलं नाही. स्वतःच्या कमाईतून जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही, एवढंच. कर हे देणं आहे, आणि देणं न फेडणं ही एरवी दिवाणी भानगड असते. बँकेचा हप्ता थकवला म्हणून कोणी चोर होत नाही. दंड संहितेच्या नजरेतून करबुडवा सहज निसटतो, म्हणून विजेसारखाच त्याच्यासाठी कर कायद्यांनी आपापला गुन्हा निर्माण केला. तिथे ताब्याला काही अर्थ नाही. तिथे प्रश्न असतो तो हिशेब खोटा ठेवला का आणि तो जाणूनबुजून ठेवला का, एवढाच.

आयकराचं पाहू. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला, पण जुन्या वर्षांचे खटले 1961 च्या कायद्यावरच उभे आहेत आणि आपल्याकडच्या करगुन्ह्याची सगळी जडणघडण त्यातच दिसते. त्यातलं मुख्य कलम 276सी. ते 1 ऑक्टोबर 1975 पासून अमलात आलं. पार्श्वभूमी अशी की 1973-74 मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर 97.75 टक्क्यांवर गेला होता. त्या टप्प्यातल्या शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला आणि बाकी सरकारला. असा दर आणि प्रामाणिक हिशेब एकत्र नांदणं अवघडच होतं. निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने दर खाली आणा आणि बुडवणाऱ्यांवर खटले भरा, असं दोन्ही सांगितलं होतं.

276सी म्हणत होतं, कर चुकवण्याचा जाणूनबुजून प्रयत्न केला तर सक्तमजुरी. चुकवू पाहिलेली रक्कम पंचवीस लाखांच्या वर असेल तर किमान सहा महिने, कमाल सात वर्षं. त्याखाली असेल तर तीन महिने ते दोन वर्षं. प्रयत्न म्हणजे काय, तेही दिलेलं आहे: चोपड्यांत खोटी नोंद करणं, खरी नोंद गाळणं, खोट्या चोपड्या जवळ बाळगणं. मुदत ठेवीचं व्याज विवरणपत्रात टाकायला विसरलेल्या पेन्शनरासाठी हे कलम नाही. त्याला कर, व्याज आणि फार तर दंड. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के, मुद्दाम खोटं दाखवलं तर 200 टक्के. कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं, म्हणजे विमा, भविष्य निर्वाह निधी, घरकर्ज वगैरे, यात तर गैर काहीच नाही. कर टाळण्यासाठी रचलेल्या बनावट व्यवहारांना मात्र नियोजन म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच बजावलं आहे.

1961 च्या कायद्यात, कागदावर तरी, करबुडव्याचं कलम चोराच्या कलमापेक्षा कितीतरी कडक होतं. साध्या चोरीला किमान शिक्षा नाही, इथे होती. चोरीत आरोपीची लबाडी सरकारी वकिलाने सिद्ध करायची असते. 1986 मध्ये आयकर कायद्यात आलेलं कलम 278ई उलट सांगतं: आरोपीच्या मनात खोट होती असं न्यायालय धरूनच चालेल, नव्हती हे त्याने, वाजवी संशयाला जागा न ठेवता, सिद्ध करावं. पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला परिवीक्षा कायद्याखाली नुसती समज देऊनही सोडता येतं. आयकराच्या गुन्ह्यात अठरा वर्षांवरच्या कोणालाही ती सवलत नाही. परदेशात दडवलेल्या पैशासाठी 2015 चा काळ्या पैशाचा कायदा तर तीन ते दहा वर्षं सक्तमजुरी सांगतो.

मग तुरुंगात खिसेकापू दिसतात आणि करबुडवे दिसत नाहीत, असं का? माझ्या मते उत्तर शिक्षेच्या आकड्यात नाही, ते तुरुंगाच्या वाटेवर लावलेल्या दारांमध्ये आहे. चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार आली की पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, जामिनासाठी न्यायालयात जावं लागतं आणि जामीनदार नसेल तर साध्या चोरीतला माणूस महिनोन् महिने कच्चा कैदी म्हणून पडून राहतो. (पाच हजारांच्या आतल्या चोरीला नव्या व्यवस्थेत थोडी सूट आहे.) आयकर चुकवणं अदखलपात्र आहे. तिथे पोलीस स्टेशन येतच नाही. आधी कर निर्धारण, मग अपील, मग न्यायाधिकरण. खटला भरायला आयकर आयुक्तांची मंजुरी लागते. 2019 च्या परिपत्रकानुसार पंचवीस लाखांपर्यंतच्या प्रकरणात दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाची पूर्वसंमती लागते. शिवाय न्यायाधिकरणाने दंड रद्द केला तर त्यावर उभा असलेला खटलाही टिकत नाही, असा 2004 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. एवढं सगळं पार करून प्रकरण न्यायालयात गेलंच, तर शेवटचं दार तडजोडीचं: कर, व्याज, दंड आणि तडजोड शुल्क भरा, खटला मिटवा.

तामिळनाडूच्या दिवंगत मुख्यमंत्री जयललिता यांच्यावर नव्वदच्या दशकातली विवरणपत्रं भरली नाहीत म्हणून खटला होता. खटला चालवावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये सांगितलं. आरोपातल्या गुन्ह्याला तोवर वीसेक वर्षं झाली होती. पुढे तडजोडीचा अर्ज झाला, पैसे भरले गेले आणि खटला संपला. सगळं कायद्याला धरून.

साध्या चोरीतही मालक आणि आरोपी यांच्यात तडजोड होऊ शकते, हे खरं. पण ती मालकाच्या मर्जीवर असते आणि तोवर आरोपीने कोठडी बघितलेली असते.

माफीचा आणखी मोठा दरवाजा सरकार अधूनमधून स्वतःच उघडतं. 276सी लागू झालं 1 ऑक्टोबर 1975 ला, आणि त्याच महिन्यात आणीबाणीतल्या सरकारने उत्पन्न व संपत्ती स्वेच्छेने जाहीर करण्याचा अध्यादेश काढला. एका हाताने काठी उगारली, दुसऱ्या हाताने माफी दिली. 1997 च्या स्वेच्छा घोषणा योजनेत व्यक्तींना 30 टक्के कर भरून मोकळं होता आलं. सुमारे 33 हजार कोटी जाहीर झाले. वर्षानुवर्षं इमानाने कर भरणाऱ्याने तेवढाच किंवा जास्त भरला होता, तोही वेळेवर. 2016 च्या योजनेत दर 45 टक्के ठेवला, म्हणजे निदान शरम वाटावी इतका, आणि सुमारे 67 हजार कोटी जाहीर झाले. तिजोरीच्या दृष्टीने हे व्यवहार फायद्याचे असतीलही. पण चोरांनी अमुक तारखेपर्यंत माल आणून द्यावा, खटला भरणार नाही, अशी योजना कोणत्याही सरकारने काढल्याचं ऐकिवात नाही.

उलट, चोरीच्या बाबतीत आपल्या इतिहासाने दुसरं टोक गाठलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं, 31 ऑगस्ट 1952 पर्यंत, हे चाललं. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला त्या शिक्क्याचा दाह पहिल्यांदा नीट कळला. आजही गावात घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जीप जाते. बोगस बिलांचं प्रकरण उघडकीला आलं म्हणून एखाद्या व्यापारी पेठेतल्या सगळ्या घरांची झडती घेतल्याचं कोणी ऐकलं आहे का?

जीएसटीने मात्र करबुडव्याच्या सुटकेची दारं थोडी अरुंद केली आहेत. 2017 च्या कायद्याच्या कलम 132 खाली माल न पाठवता नुसतं बिल फाडणं, अशा बिलावर इनपुट क्रेडिट उकळणं, गिऱ्हाइकाकडून कर घेऊन तीन महिन्यांच्या पुढेही सरकारला न भरणं, असे गुन्हे पाच कोटींच्या वर गेले की दखलपात्र आणि अजामीनपात्र होतात. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इथे अटका खरोखर होतात. इतक्या की अटक करताना फौजदारी प्रक्रियेतली सगळी संरक्षणं पाळा, असं फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जीएसटी अधिकाऱ्यांना सांगावं लागलं.

आणि ही कडकाई योग्यच आहे. स्वतःच्या कमाईवरचा कर दडवणं वेगळं, आणि दुसऱ्याने सरकारसाठी म्हणून दिलेला पैसा खिशात घालणं वेगळं. बिलावर जीएसटी लावून घेणारा दुकानदार किंवा पगारातून टीडीएस कापणारी कंपनी त्या रकमेची मालक कधीच नसते. गोदामवाल्याच्या हाती सोपवलेल्या भांड्यांचीच ही गोष्ट. टीडीएस कापून न भरणाऱ्याला 1961 च्या कायद्याने तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरी ठेवली. करगुन्ह्यांमध्ये चोरीच्या सर्वांत जवळचा गुन्हा हाच, आणि धंदा अडचणीत होता ही सबब इथे ऐकून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चोरीच्या उत्पन्नावर कर लागतो का, हा प्रश्न गमतीने विचारला जातो. लागतो. उत्पन्न कायदेशीर आहे की नाही, हे आयकर विचारत नाही. सप्टेंबर 1958 मध्ये पाकिस्तानच्या हद्दीत शिरताना एक माणूस 65,500 रुपयांच्या नोटांसह पकडला गेला. पलीकडून सोनं आणून इकडे विकायचा त्याचा धंदा. नोटा जप्त झाल्या. आयकर खात्याने त्या पैशावर कर लावला. तेव्हा तो म्हणाला, धंद्याचं उत्पन्न म्हणून कर लावता, तर जप्ती हा त्याच धंद्यातला तोटा धरा. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. 2006 मध्ये एका डॉक्टरकडून जप्त झालेल्या हेरॉइनबद्दलही न्यायालयाने तेच केलं. माल जप्त झाला, तेवढा व्यवसायातला तोटा. तस्करीची शिक्षा तस्करीच्या कायद्याने द्यावी, आयकराने फक्त हिशेब बघावा, असा हा रोखठोक तर्क आहे.

वाचकाच्या कामाची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पगारातून टीडीएस कापला जात असेल तर तो आपल्या पॅनवर जमा होतोय का, हे आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघावं. कंपनीने कापून भरलाच नाही असं दिसलं, तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचं पासबुक जपून ठेवावं. 1961 च्या कायद्याचं कलम 205 सांगतं की कापलेला कर आयकर खातं पुन्हा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. जुन्या वर्षांबद्दल नोटीस आली तर उत्तरात हे कलम लिहा आणि त्या चिठ्ठ्या जोडा.